वाजवायचा फोन

पहाटेची माझी झोप अर्धी शुक्रवार पेठेतल्या घरात असते, अर्धी सांगोल्याकडच्या वस्तीवर. त्या झोपेत आमच्या बोळातून आण्णांच्या शेळ्या चालत येतात, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर चढतात, त्यांना कुणी हाकलत नाही. मग एकीच्या गळ्यातली घंटा वाजते. एकदाच. ती घंटा म्हणजे माझ्या उशाजवळचा मोबाइल. आण्णा उठले, सगळं ठीक आहे. मी कूस बदलून पुन्हा झोपते.

आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून वस्तीवर एकटे. सोलापुरात चला म्हणून मी किती डोकं फोडलं, तर म्हणाले, "आन् शेळ्या काय तुज्या गॅलरीत बांधू?" मग ही रीत पडली. पहाटे त्यांनी एक रिंग द्यायची आणि तोडायची. मी उचलायचा नाही. त्यांना काही होत असेल तर ते वाजू देतील, मला काही झालं असेल तर मी उचलेन. बाकी बोलणं आमच्या घरात कुणाला कधी जमलंय?

पण त्यांच्या बटणाच्या मोबाइलचा रिचार्ज संपला आणि एका पहाटे घंटा वाजलीच नाही. दूध उतू गेलं, चहात मीठ पडलं. शेजारच्या वस्तीवरच्या चुलतभावानं "आण्णा रानात हायत की" असं सांगितल्यावर माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, हे असं चालायचं नाही.

सात रस्त्याच्या चौकातल्या फोनच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाई एकेक प्लॅन सांगू लागल्या. रोजचं एवढं इंटरनेट, वर सिनेमे, वर क्रिकेट.

"अहो, ते इंटरनेट काय शेळ्यांना घालू?"

"बरं, रोज बोलणं किती होतं?"

"बोलत नाही."

"मग फोन कशाला ओ ताई?"

"वाजवायला."

शेवटी त्या बाईंनीच रस्ता काढला. चुलतभावाच्या घरी इंटरनेटची वायर आलेली होती. तिच्यावरून आण्णांच्या घरात साधा टेबलावरचा फोन बसेल, म्हणाल्या. सगळ्यात लहान प्लॅन, बोलणं फुकट. मला तेच हवं होतं, फुकट बोलणं सोडून.

फोन बसला. घंटा पुन्हा वाजू लागली. बोळात पुन्हा शेळ्या आल्या.

एका पहाटे शेळ्यांच्या मागं आई होती. डोक्यावर पदर, हातात शेळ्या हाकायचं चिंचेचं शिपटं. घंटा वाजली तशी ती म्हणाली, "अगं, घे की." आणि मी झोपेतच फोन उचलला. "आण्णा," एवढंच म्हणाले. तेवढ्यात पलीकडं सवयीनं फोन ठेवला गेला.

जागी झाले तेव्हा उन्हं खिडकीत आली होती. उगाच आण्णांच्या जिवाला घोर नको म्हणून फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलेना. चुलतभावाला लावला.

"दार वढून घेतलंय गं. शेळ्या दावणीलाच हायत. आण्णा कुटं दिसंनात."

शेळ्या दावणीला? आईच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा आण्णांनी शेळ्या वेळेवर सोडल्या होत्या. चुलतभाव विहिरीकडं बघायला गेला आणि मी पर्स घेऊन स्टँडवर जायला दार उघडलं.

दारात आण्णा. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात आईची. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बरी हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय? तुमी कुटं हुता?"

"तू उचललास म्हनून आलो. पुन्ना लावून बगायचं सुचलंच न्हाय."

मला रडू कोसळलं. रागही आला, त्यांचा नाही, माझाच. पाण्याचा तांब्या दिला आणि म्हटलं, "सपनात आई आलती. ती म्हनली घे, म्हनून घेतला."

आण्णा पाणी प्यायचे थांबले. चपलेकडं बघत राहिले.

"मला बी पहाटंच दिसती," ते म्हणाले. "उठलो की जाती. मग तुला वाजिवतो."

इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. चुलतभावाला फोन करून शेळ्यांना पाला टाकायला सांगितला, तरी आण्णा राहिले नाहीत. दोन घास खाल्ले आणि परतीच्या गाडीत बसले. खिडकीतून म्हणाले, "बोलायचं आसलं तर मी यीन की. फोन नुसता वाजू दे."

दुसऱ्या पहाटे मी जागीच होते. मोबाइल छातीवर धरून पडले होते. घंटा एकदाच वाजली. मी उचलला नाही. आई आत्ता गेली असेल, एवढं मला कळलं.