बरणीच्या गळ्यातली दोरी

विद्याताई गेल्याचा फोन तिच्या गावाहून, तोंडवलीहून आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत तिच्याच टेबलापाशी उभी होते. खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं... आधी नजर फळीवरच्या बरणीकडे गेली. त्या बरणीचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

ताई माझी आतेबहीण. दोडामार्गहून आम्ही रोज बरोबरच गोव्यातल्या औषधाच्या कारखान्यात जायचो. औषधांचे काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात; एक गुणकारी, तर दुसरा कधी कधी घातक. हवा तोच हात घडवणारं उत्प्रेरक ताईनं प्लास्टिकच्या बारीक मण्यांना जखडलं होतं. काम झालं की मणी गाळायचे, धुवायचे, पुन्हा वापरायचे. पण दर खेपेला त्यांचा नेम थोडा ढळतो. म्हणून दर वापरामागे ती बरणीच्या गळ्यातल्या दोरीला एक गाठ मारी, वडिलांनी जाळं विणताना शिकवलेली. आठ गाठी झाल्या की मणी बाद. "चुकीची भीती नाय गो माका," ती म्हणायची, "लपवलेल्या चुकीची आसा."

एकदा धुताना ती दोरी माझ्या हातून तुटून मोरीत वाहून गेली. मी नवी बांधली, आठवून आठवून सहा साध्या गाठी मारल्या. सहा की सात? नोंदवही ताईच्या कपाटात. मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले. त्यानंतर घरी आईला रक्तदाबाची गोळी देतानाही मी पाकीट दोनदा उलटसुलट करून बघायचे. बरणीकडे बघत ताईनं एकदा विचारलं, "काय सांगूचा आसा काय तुका?" मी नाही म्हटलं.

तिच्या बाराव्याहून परतल्यावर मी बरणी खाली काढली. माझ्या दोरीनंतर मणी एकदाच वापरले होते, तेही तिनंच. तरी माझ्या सहा साध्या गाठींपुढे जाळ्याच्या गाठी दोन होत्या... म्हणजे तिला कळलं होतं. माझी राहिलेली गाठ तिनं गुपचूप मारली आणि माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत राहिली.

साहेबांना मी सगळं सांगितलं, मणी बाद केले. वाटलं होतं, आता भीती जाईल. परवा नव्या बरणीला पहिली गाठ मारताना तोंडून निघून गेलं, "ताय, एक झाली." मागून कोणी बघतंय का म्हणून वळले. कोणी नव्हतं. आता भीती वाटते ती त्याचीच; चूक लपवली तर ओळखणारं मागे कोणी नाही.