हे पान शनिवारचं हाये

भिवटोल्याहून देवरावचा फोन आला तेव्हा मी दुकानात तीन नंबरच्या कॉम्प्युटरचा माउस उलटा करून त्यातला कचरा काढत होतो. "रफीकभाऊ, मंदाबाई गेल्या," तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "कवाचं?" माणूस गेल्याची खबर ऐकून कोणी असं विचारतं का? पण देवरावला त्यात वावगं वाटलं नाही. "आजचं हाये भाऊ, सकाळचं. ताजं हाये," तो म्हणाला. भिवटोल्याच्या शाळेशी ज्याचा म्हणून संबंध आला, त्याला कुठलीही खबर ऐकली की आधी ती कधीची हे विचारायची खोड लागली आहे. ही खोड तिथल्या शिक्षिका मंदाबाईंनी लावली. मेंदूपर्यंत चढलेल्या मलेरियानं त्यांना पाच दिवसांत नेलं, त्याला आता महिना झाला. एवढे दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. लिहिण्यात एक अडचण होती. ती पुढे येईलच.

मूलच्या बसस्टँडजवळ माझ्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार तीनच्या आसपास मी त्याचं इंटरनेट कॅफे केलं. चार कॉम्प्युटर, बसायला चार लाकडी खोकी, आणि टेलिफोनच्या तारेवर कुंथत कुंथत चालणारं इंटरनेट. येणारी गिऱ्हाइकं म्हणजे निकाल पाहणारे, नोकरीचे फॉर्म भरणारे आणि दार लावून घ्यायचं का असं हळूच विचारणारे. अशात एका शनिवारी भरदुपारी नायलॉनची साडी, खांद्याला पर्स आणि हातात स्टीलचा जेवणाचा डबा घेतलेल्या एक बाई आत आल्या. मला वाटलं, फोन करायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी भिवटोल्याच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी. आमच्या शाळेले कॉम्पुटर भेटला, पण गावात टेलिफोन नाई. पोरायसाठी शिकायच्या ज्या वेबसाइट असतात ना, त्या मले इथून घरी नेता येतीन का?" मी हसलो. आतासुद्धा त्या हसण्याची लाज वाटते. मी म्हटलं, "बाई, इंटरनेट का भाजी हाये, पिशवीत भरून न्यायले?" त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत पोळ्यांच्या जागी दहा फ्लॉप्या होत्या. "भरून तर पाहू," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी त्यांना वाघावरची दोन-तीन पानं फ्लॉपीवर उतरवून दिली. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मिळेल ती एसटी पकडून बाई पुन्हा हजर. "रफीकभाऊ, तुमी मले वाघ नाई देला, फुल्या देल्या." मी पान उतरवलं होतं, पण चित्रांचं वेगळं फोल्डर घ्यायचं राहिलं होतं. तीस पोरं शाळेच्या एकुलत्या कॉम्प्युटरभोवती गर्दी करून बसली, आणि वाघाच्या जागी चौकोनात लाल फुली! एक पोरगा म्हणे, "बाई, वाघ हाये, पण दिसून नाई राह्यला. जंगलात बी असाच रायते." बाईंनी हे मला हसत सांगितलं आणि मग तिथंच बसून चित्रासकट पान कसं घ्यायचं ते माझ्याबरोबर शिकल्या. खरं सांगायचं तर मीही ते त्याच दिवशी शिकलो.

पानं इंग्रजीत असायची. मराठीत पोरांसाठी तेव्हा हाताशी काही लागत नव्हतं. बाईंचं इंग्रजी डी.एड.पुरतं. तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर त्या मांडीवर शब्दकोश घेऊन बसत आणि ओळीखाली ओळ मराठी लिहून काढत. शेजारच्या खोक्यातली पोरं फिदीफिदी हसायची, त्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. पण त्यांची खरी करामत म्हणजे एक वही. पानावरच्या निळ्या शब्दावर क्लिक केलं की पुढचं पान उघडतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. भिवटोल्यात ते उघडायचं नाही, कारण ते फ्लॉपीवर नसायचंच. दुसऱ्या कोणी पोरांना निळ्या शब्दाला हात लावू नका म्हणून दटावलं असतं. बाईंनी सांगितलं, जे पान उघडत नाही ते वहीत लिहा, खाली आपलं नाव लिहा, शनिवारी मी घेऊन येते. त्या वहीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'न उघडलेली पानं'. मग घुबड, ज्वालामुखी, समुद्र, चंद्रावर पाणी आहे का, सगळं त्या वहीतून माझ्या दुकानात येऊ लागलं. समुद्र पाहिलेला एकही माणूस त्या गावात नव्हता. सोमवारी बाई शाळेत पाय ठेवायच्या आत पोरं फाटकाशी उभी असायची, "बाई, माहं पान आलं का?"

आता ती अडचणीची गोष्ट. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधीचा शनिवार होता आणि दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची झुंबड होती. बाईंना पोरांसाठीचं हवामानाचं एक पान सापडलं. सोमवार, मंगळवार असे वार, प्रत्येक वारापुढे हसरा सूर्य किंवा रडका ढग, आणि शहरांच्या यादीत चक्क नागपूर. बाई खूश झाल्या. फ्लॉपी काढता काढता त्यांनी मला विचारलं, "रफीकभाऊ, हे रोज बदलते का?" मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद प्रिंटरमध्ये अडकला होता तो ओढत होतो. मान वर न करता म्हणालो, "काई नाई बदलत बाई, न्या तुमी." मला माहीत होतं का? विचार केला असता तर कळलं असतं. मी विचारच केला नाही.

सुटी संपून शाळा उघडली तेव्हा फ्लॉपी तीन आठवडे जुनी झाली होती. पानावर वार होते, तारीख नव्हती, आणि वार काय, दर आठवड्याला येतातच. चौथीतल्या सुगंधानं ते वाचलं. सातही दिवस हसरा सूर्य. घरी जाऊन तिनं बापाला सांगितलं, "बाबा, आठ दिस ऊनच हाये. कॉम्पुटरनं सांगतलं." तो बाप म्हणजे हाच देवराव. त्याचं धान कापून बांधीतच, म्हणजे शेतातच, वाळत पडलं होतं; अशा कापून पसरलेल्या धानाला आमच्याकडे कडपा म्हणतात. आभाळ थोडं भरून आलं होतं. शेजारचे शेतकरी घाईनं भारे बांधत होते. देवराव पोरीच्या शिक्षणावर विश्वास टाकून माजरीला कोळशाच्या खाणीत असलेल्या भावाकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि दोन दिवस हटला नाही. तो परत येईपर्यंत कडपा पाण्यात होता, लोंब्यांना कोंब फुटले होते.

तो शाळेत आला आणि पोरांसमोर बाईंना म्हणाला, "तुमच्या डब्यानं माहं वरसाचं धान सडवलं." नेमकं त्याच सुमारास तालुक्याचे एक साहेब तो कॉम्प्युटर टेलिफोन असलेल्या गावातल्या शाळेला द्यावा म्हणून मागे लागले होते. इंटरनेटशिवाय कॉम्प्युटर काय कामाचा, असं त्यांचं म्हणणं, आणि गावाच्या शिक्षण समितीनं ठरावावर सह्या केल्या की काम झालं. देवराव त्या समितीवर होता. सभा शाळेतच भरली. बाईंनी कीबोर्ड दुरुस्त करायला बोलावलं होतं म्हणून मीही तिथं होतो, मागच्या भिंतीला टेकून. लोक तावातावानं बोलत होते. बाई उठल्या. मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी दाराकडे पाहिलं, हेही लिहून टाकतो. बाई म्हणाल्या, "चूक माही हाये. पान शिळं होतं. मी पोरायले ते ताजं मनून वाचू देलं. देवरावभाऊचं नुकसान माह्या शिकवण्यानं झालं. कॉम्पुटरचा त्यात काई दोष नाई, अन् सुगंधाचा तर नाईच नाई. कोणाले काढायचंच असन तर मले बदलून टाका, कॉम्पुटर राहू द्या." देवरावनं विचारलं, "पुना असं होईन?" बाई म्हणाल्या, "पान शिळंच येईन भाऊ. शनिवारचं सोमवारी येईन. पण पोरगं फसणार नाई, एवढं मी शिकवून दाखवते."

देवरावनं सही केली नाही, आणि ठराव तिथंच अडला. का केली नाही, ते त्यानं सांगितलं नाही, आणि पुढचं वर्षभर तो बाईंशी धड बोललाही नाही. रविवारी बाई पदर खोचून त्याच्या बांधीत उतरल्या आणि भिजलेला कडपा उलटवत राहिल्या. वाचलं तेवढं वाचलं. पुढच्या शनिवारी दुकानात आल्या तेव्हा मी विचारलं, "बाई, माहं नाव काऊन नाई घेतलं?" त्यांनी शब्दकोश उघडला होता. "पान तुमी देलं," त्या म्हणाल्या, "शिकवलं मी." एवढंच. मग लगेच, "आता बसा, अन् पानावर तारीख कशी टाकायची ते दाखवा." मी वाद घातला नाही. मला सोयीचं होतं.

तेव्हापासून प्रत्येक फ्लॉपीवर तारखेची चिठ्ठी आली आणि भिवटोल्याच्या शाळेत एक रिवाज सुरू झाला. पान उघडलं की आधी एक पोरगं उभं राहून मोठ्यानं म्हणणार, "हे पान शनिवारचं हाये. आज अमुक वार हाये. तवापासून काय बदललं असन?" मग सगळे मिळून ठरवणार. वाघाचे पट्टे बदलले नसतील. हवामान बदललं असेल. एखाद्या गावची लोकसंख्या? एक-दोन माणसं इकडेतिकडे झाली असतील, बाई! हा प्रश्न पोरांनी घरी नेला, बाजारात नेला. गावात कोणी अफवा आणली की चौथीतलं पोर विचारायचं, कवाचं हाये? मोठमोठ्या शाळांत पुढं झकपक कॉम्प्युटर आले, जोरदार इंटरनेट आलं. पण पडद्यावर दिसलं ते खरंच असेल असं मानू नये, हे मी जिथं शिकलो त्या शाळेला टेलिफोनसुद्धा नव्हता.

फ्लॉप्या गेल्या, पेनड्राइव्ह आला. बाई तो एवढासा पेनड्राइव्हही त्याच डब्यात घालून आणायच्या आणि तारखेची चिठ्ठी झाकणाला आतून चिकटवायच्या. शेवटच्या शनिवारी आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, बाई, डॉक्टरकडे जा. "जाते ना. सोमवारी पोरायले समुद्राची भरती-ओहोटी दाखवायची हाये, तुमीच उतरवून ठेवा, डबा न्यायले कोणाले तरी पाठवते," म्हणत त्यांनी वही आणि डबा काउंटरवर ठेवला आणि बस पकडली. मी पानं उतरवली, नव्या चिठ्ठीवर तारीख घातली, पण डबा न्यायला कोणी आलं नाही. गुरुवारी देवरावचा फोन आला.

त्यानंतरच्या सोमवारी मी स्वतः डबा घेऊन भिवटोल्याला गेलो. शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी पान उघडलं. देवराव दाराशी उभा होता. दोन वेण्यांची एक लहानगी रिवाजाप्रमाणे उठली आणि चिठ्ठी वाचून म्हणाली, "हे पान मागच्याच्या मागच्या शनिवारचं हाये. आज सोमवार हाये. तवापासून..." आणि अडली. समोर पडद्यावर समुद्र होता. मला उभं राहावंसं वाटलं आणि मी उभा राहिलो. देवरावकडे पाहून सांगितलं की ते हवामानाचं पान बदलत नाही असं बाईंना मी सांगितलं होतं, बाईंनी विचारलं होतं, आणि सभेत मी मागं भिंतीला टेकून ऐकत होतो. देवरावनं विचारलं, "बाईनं मनाई केली होती का सांगायची?" मी म्हटलं, नाही. "मंग एवढे वर्स काऊन लागले?" त्यानं पुढे येऊन टेबलावरचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात दिला. "पोरायनं नव्या वहीत सात पानं लिवले हायेत," तो म्हणाला. "शनिवारी आना."

आता तो डबा तीन नंबरच्या कॉम्प्युटरशेजारी असतो. शनिवारी दुपारी तिथं मी गिऱ्हाईक बसवत नाही, शब्दकोश घेऊन मीच बसतो. माझं इंग्रजी बाईंपेक्षा कच्चं आहे, त्यामुळे वेळ लागतो. बाईंच्या अक्षरातली शेवटची चिठ्ठी मी झाकणाच्या आतल्या बाजूला राहू दिली आहे. दर आठवड्याची नवी चिठ्ठी, माझ्या अक्षरातली, मी बाहेरून चिकटवतो.