चांदणीचं काळं शिंगरू

राजापेठेमागच्या गल्लीत आमच्या भिंतीला लागून श्रावणभाऊंचं घर. वरातीला पांढरी घोडी देणं हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. स्वतःच्या लग्नात भाऊ घोडीवरून पडले होते, हे मी कोणाला सांगत नाही. गल्लीला आधीच ठाऊक आहे.

त्यांची चांदणी दुधासारखी पांढरी. अंजनगाव सुर्जीच्या तशाच पांढऱ्या घोड्याकडे तिला नेऊन आणलं, अन् शिंगरू झालं ते तव्याच्या बुडासारखं काळं. भाऊंचं तोंड त्याहून काळं.

"चांदणीचं वाटेत कोणाशी जमलं होतं काय, भाऊ?" मी कुंपणावरून विचारलं.

"तुमी आपल्या घरात पाहा न."

काळ्या घोड्यावर नवरदेव कोण बसवणार? भाऊंनी साळ्याला, चंदनला, फोन केला: टेम्पो आण, याले शेतावर ने. शिंगरू तर ललितावहिनींचा पदर चघळत मागं मागं फिरायचं. वहिनींनी नवऱ्याशी बोलणंच सोडलं.

टेम्पो यायच्या दिवशीच जनावरांच्या डॉक्टर रश्मीताई चांदणीला सुई द्यायला आल्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "भाऊ, चांदणीला लहानपणी पाहिलं होतं?"

"नाही जी. आणली तवाच मोठी अन् पांढरी होती."

बाजारातून वयात आलेली पांढरी घोडी आणायची, हीच त्या घराची रीत. पांढऱ्या घोडीचं बाळपण तिथं तीन पिढ्यांत कोणी पाहिलंच नव्हतं.

ताईंनी चांदणीच्या नाकपुडीवर बोट ठेवलं. "कातडी बघा, काळीच आहे. पांढरे झालेत ते केस. हीसुद्धा गडद रंगाचीच जन्मली असणार. केस पिकवणारा गुण आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. मग पिल्लू वर्षागणिक पांढरं होत जातं."

"मंग याच्यात तो आला काय?"

ताईंनी शिंगराच्या डोळ्यांभोवतीचे बारीक पांढरे केस दाखवले. "आलाय."

"भाऊ, तुमच्या डोक्यावर बी आलाच आहे," मी म्हणालो. वहिनी हसल्या, बऱ्याच दिवसांनी.

चंदन आला. त्याला चहा-पोहे मिळाले, टेम्पो रिकामा गेला.

आता शिंगरू चांगलं वाढलंय, राखेसारखं झालंय, अन् आईसोबत वरातीत चालतं. परवा नवरदेवाच्या मामानं नाक मुरडलं, "हे असं भुरकट काहून?"

"पांढरं होऊन राहिलं," भाऊ म्हणाले. "तुमच्या धाकट्या भाच्याच्या लग्नाले यालेच पाठवतो."