नाड्यांचे बूट

महायुद्ध संपल्यानंतर मला उत्तरेकडच्या एका डोंगरी गावच्या शाळेत शिकवायची नोकरी मिळाली. तिथे बर्फ पडतो, तेव्हा आतून लोकर असलेले, घोट्यापर्यंतचे बूट आणावेत, असे शाळेने कळवले होते. पण मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, अजून होकार दिला नव्हता. वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा; बाहेर लोक त्यांना 'पटेल' म्हणत. मी विचारले तेव्हा ते बांधावरून येऊन पाय धूत होते. "पाहू," एवढेच म्हणाले. त्यानंतर ते नुसते खोकले तरी मी हातातले काम टाकून उभी राही.

त्यांना गोंदियाला भाताच्या गिरणीत काम निघाले. कापड घ्यायचे सांगून आई आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो. ते गिरणीकडे वळताच आईने माझा दंड धरला.

"चाल लवकर. नुसतं पाहून ठेवू."

स्टेशनजवळच्या त्या दुकानात रेल्वेचे साहेबलोक बूट घेत. मी दाराकडे तोंड करून बसले. कोण आत येते ते मला दिसायला हवे होते. दुकानदाराने तीन जोड मांडले. पहिला लष्करी, खिळे ठोकलेला. उबदार असेल, पण त्यात माझे पाय दोन विटांसारखे दिसत होते. दुसऱ्याला बाजूला रबरी पट्ट्या, ओढला की पायात. तिसरा तपकिरी, निमुळत्या टोकाचा, छोट्या टाचेचा, आत मेंढीची लोकर आणि वर घोट्यापर्यंत नाड्या.

"हा रबराचा घे," आई हळूच म्हणाली. "मोठेबाबा दिसले का झटक्यात निघल पायातून."

आमच्या गावात वडीलधारा पुरुष समोर आला की बाया चपला हातात घेत. भर उन्हात, तापल्या वाटेवरही मी तेच करत आले होते. मी रबराच्या बुटात पाय घातला. तळवा गार लागला.

"इसमें ठंड लगेगी, बेटी," म्हणत दुकानदाराने तिसरा जोड पुढे सरकवला. नाड्या मीच बांधल्या. उभी राहिले तर ऊब घोट्यापर्यंत चढली. मला तेच हवे होते; मी आईकडे पाहिले.

तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. मोठेबाबा.

आईने पदर ओढून भिंतीकडे तोंड केले. थोरल्या दिरासमोर, भासऱ्यासमोर, ती बोलत नसे, म्हणजे आता ती मला सोडवणार नव्हती. मी खाली वाकून नाडी ओढली. गाठ बसली. पुन्हा ओढली, तर आणखी घट्ट.

"काय करून राहिली?"

"काढते."

"काढायले किती वेळ लागते?"

शाळेत भरल्या सभागृहात मी इंग्रजी कविता न अडखळता म्हणत असे. इथे मी नुसती नाडी ओढत राहिले. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे नाही, बुटांकडे पाहिले, आणि छत्रीच्या टोकाने एक बूट दाबला.

"दुसरा काऊन नाही घेत? सोपा आहे तो."

"त्यात थंडी लागते." आणि मग, कुणी विचारले नसताना, "मला हे पाहिजेत." आपलाच आवाज ऐकून मी दचकले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी नोकरी गेली असेच धरले. मग ते दुकानदाराकडे वळले. "यात दोन मोजे मावतेत का?"

"आराम से, पटेलजी."

"मंग द्या. चामड्याले लावायचं तेलही द्या."

होकार मिळाला होता. आनंद झाला नाही. ज्या बर्फात माझ्या ओळखीचे कुणी नव्हते, तिथे आता खरेच जायचे होते.

"तसेच घालून चाल," ते म्हणाले. "चावतेत का, ते इथंच समजल." आणि पुढे निघाले.

भर बाजारात बूट करकर वाजत होते. "आली मडम!" भाजीवाल्या बायांत कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. मी खाली मान घालून, मोठेबाबांच्या पाठीकडे चोरून पाहत चालले. ते वळले तर बूट काढावे लागणार, आणि गाठ तर सुटणार नव्हती.

टाच घासली म्हणून मी थांबले. करकर थांबताच तेही थांबले. मान वळवली नाही. छत्री टेकून, समोर पाहत तसेच उभे राहिले. मी पाऊल टाकल्यावर चालू लागले. स्टेशन येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिले नाही.