एकदा परत

पहिल्या रांगेत बसले होते खरी, पण मला उठून पळून जावंसं वाटत होतं. एका बाजूला मावशी, काठी गुडघ्यांमध्ये धरून, नवे बूट घालून, लग्नाला आल्यासारखी ताठ. समोर मोठा पांढरा पडदा. पडद्याच्या कडेला माझा धाकटा भाऊ उभा, आणि त्याच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. त्यानं काय केलंय ते मला माहीत होतं. मावशीला अजून माहीत नव्हतं.

भावाला सगळे रीटेक म्हणतात. लग्नांचं शूटिंग हा त्याचा धंदा. अंगठी घालताना नवऱ्याचा हात अडखळला, की कॅमेऱ्यामागून हा म्हणणारच, "एकदा परत." एका लग्नात मुलीचा बाप तिला निरोप देताना खराखुरा रडला, तर ह्या शहाण्यानं त्याला सांगितलं, काका, उजेड मागून येत होता, एकदा परत. त्या बिचाऱ्यानं पुन्हा रडून दाखवलं! घरीही तेच. दारातून आत आलो आणि हा "एकदा परत" म्हणाला, की आम्ही मुकाट मागं फिरून पुन्हा आत यायचो. वाद घालण्यात अर्थ नसायचा, जेवण गार व्हायचं. मावशी तर हसत हसत तीनतीनदा यायची. पोराची हौस आहे, म्हणायची.

आई गेली तेव्हा आम्ही दोघं लहान होतो. ह्याला तर बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. मावशी बर्फाच्या कारखान्यात पाळीवर जायची. आमच्यासाठी तिनं रात्रपाळी सोडली आणि समुद्राकाठच्या तिच्या दोन खोल्यांत आम्हाला वाढवलं. लग्नाचं कुणी विचारलं, तर म्हणायची, दोन पोरं आयती मिळाली, नवरा कशाला हवा? ह्यानं शेजाऱ्यांचं काही फोडलं, सांडलं, की ती पुढं होऊन स्वतःच्या अंगावर घ्यायची. घरी तिच्या हातचा मार मात्र मला मिळायचा. मोठी ना मी.

त्याच घराच्या मागं समुद्र लागला. आधी कुंपण गेलं, मग कपडे वाळत घालायचा खांब, मग न्हाणीघर. दर वर्षी पाणी थोडं आत यायचं आणि मावशी आपली चूल थोडी पुढं सरकवायची. हा पठ्ठ्या ते सगळं कॅमेऱ्यात घेत राहिला, कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. मग हवामानबदलावर चित्रपट करणाऱ्यांसाठी कुठं कार्यशाळा होती, तिथं त्याचा नंबर लागला. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, आकडे सांगू नका, तक्ते दाखवू नका, एक माणूस धरा आणि त्याचं दार दाखवा. ह्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं. माणूस आणि दार, दोन्ही त्याच्या घरचंच होतं.

घर रिकामं करायची वेळ आली त्या दिवशी भरती होती आणि वारा नुसता पिसाळलेला. मी टेम्पोत चढून सामान लावत होते. रीटेकनं दारासमोर स्टँडवर कॅमेरा लावलेला. शेवटी मावशी भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून बाहेर आली. चांगली पायरी उतरून, चार पावलं टाकून बाहेर आली. तेवढ्यात वाऱ्यानं तिच्या डोक्याचा रुमाल उडून तोंडावर आला.

"मावशी, चेहरा दिसला नाही गं. एकदा परत."

आणि ती गेली. सवयच ती! घड्याळासकट वळली आणि आत गेली. मी टेम्पोतून बोंबलले, पण वाऱ्यात माझं कोण ऐकतंय. मागची भिंत खाली बसली, ती बसली आणि छप्पर पुढं दारावर आलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांच्या आधी तोच धावला. हातांनी विटा उपसल्या त्यानं, नखं निघाली. मावशी जिवंत निघाली, मांडीचं हाड मोडून. कॅमेरा तसाच चालू राहिला होता.

दवाखान्यात तो तिच्या उशाशी बसून राहायचा. ती गोष्ट मात्र कुणीच काढली नाही. ती नाही, तो नाही, आणि मीही जीभ चावून गप्प बसले. तिच्यासमोर भांडण नको, एवढंच. मावशी माझ्याकडं राहायला आली, काठीनं चालायला लागली, आणि मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

मग हा महोत्सव आला. पर्यावरणावरचे चित्रपट, लांबलांबचे पाहुणे, आणि त्यात आमच्या रीटेकचा चित्रपट निवडला गेला. त्यानं मला आधी दाखवला. मावशी घड्याळ घेऊन बाहेर येते, थांबते, आपणहून वळते आणि आत जाते. घर पडतं. बस्स.

तुझा आवाज कुठाय, मी विचारलं. वाऱ्यानं खराब झाला होता, म्हणाला. बरा नेमका तेवढाच खराब झाला, म्हटलं मी. मग आमची जुंपली. शेवटी तो खाली बसला आणि म्हणाला, ताई, हे कळलं तर मला कुणी लग्नालाही उभं करणार नाही. महोत्सववाले चित्रपट काढून टाकतील. इतकी वर्षं घेतलेलं सगळं पाण्यात जाईल. मी म्हटलं, आणि मावशी? ती जन्मभर येडी म्हातारी दिसणार, त्याचं काय? तो म्हणाला, तिला तिथं नेऊच नको. पण महोत्सववाल्यांनी तिच्यासाठी गाडी पाठवली. नायिका होती ना ती!

तर आम्ही बसलो होतो. पडद्यावर कुंपण गेलं, खांब गेला. मावशी स्वतःला बघून खुदकन हसली, म्हणाली, किती जाड दिसते मी. मग ते दार आलं. ती बाहेर आली, थांबली, वळली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"अगं बाई, परत कशाला गेली?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

दुसरी म्हणाली, म्हातारी माणसं अशीच, वस्तूत जीव अडकलेला असतो त्यांचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशीचे कान तिखट आहेत. तिनं मान वळवली नाही, पण काठीवरची बोटं पांढरी पडली. तिला कळलं होतं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालक, चांगला तरतरीत मुलगा, खूप बोलला. त्या एका वळण्यात माणसाची घराची ओढ कशी दिसते, शब्दाविना कसं सगळं सांगितलंय वगैरे. त्याचा काय दोष, दिसलं ते बोलला. मग तो माइक घेऊन मावशीपुढं वाकला आणि विचारलं, आजी, तुम्ही परत आत का गेलात?

रीटेकच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मावशीनं त्याच्याकडं बघितलं. तो लहानपणी काही फोडून पलंगाखाली लपायचा, तेव्हा ती अशीच बघायची.

"घड्याळाची किल्ली आत राहिली होती," ती म्हणाली.

लोक हळहळले, पुन्हा टाळ्या पडल्या. किल्ली! ते घड्याळ सेलवर चालायचं. मला राहवेना. मी उठणार होते, सगळ्यांसमोर त्याची काढणार होते, पण मावशीनं माझं मनगट असं धरलं की मी जागच्या जागी बसले.

तेवढ्यात रीटेकनं त्या मुलाच्या हातून माइक घेतला.

"किल्ली नव्हती," तो म्हणाला. "ती नीट बाहेर आली होती. चेहरा दिसला नाही म्हणून मीच तिला परत आत पाठवलं. तिथं माझा आवाज होता. तो मी काढून टाकला."

ह्या वेळी टाळी वाजली नाही. त्याला शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मागच्या रांगेतून एक खुर्ची वाजली, कुणीतरी उठून गेलं. तो तसाच उभा राहिला, माइक खाली करून, आणि मला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

मावशी माझ्या कानाशी वाकली.

"मूर्ख आहे. मी सावरलं होतं की." मग जरा थांबून म्हणाली, "पण तो आवाज जागेवर घाल म्हणावं त्याला. मी काय येडी आहे, घड्याळासाठी आत जायला?"