भेग की तडा
परवा कोकमतेलाची वडी वितळवताना तो मंद तुपकट वास आला आणि सासरची, कापडे गावातली एक दुपार आठवली. भाताची झोडणी उरकली होती, घरभर पेंढ्याचा वास होता. महाडहून माझ्या शाळेतल्या शिक्षिका मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या. माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या ताई, ओटीवर बसून फाटलेल्या टाचांना तेच तेल चोळत होत्या. मी म्हटलं, "ताई, त्या आल्या की तुम्ही आतच बसा हं. टाचांना केवढे तडे गेलेत तुमच्या!" त्या खळखळून हसल्या. "तडा मडक्याला जातो गो, पायाला भेगा पडतात. मास्तरीण ना तू? तडा गेला की मडकं फुकट. भेगांचं काय, तेल लावलं की मिटतात." मीही हसले. मग ताई आत गेल्या त्या, पाहुण्या जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या हातच्या गरम भाकऱ्या मीच आणून वाढत राहिले. आज सांगून टाकते, टाचांचं नुसतं निमित्त होतं, लाज मला ताईंचीच वाटत होती. ते त्यांना तेव्हाच कळलं असणार. म्हणून त्यांनी माझा शब्द तेवढा दुरुस्त केला आणि बाकीचं हसण्यावारी नेलं.