बॅटरीतलं पाणी बघताना

गॅरेजात अ‍ॅसिडचा वास आला की आजही माझा हात आधी डोळ्यांवर जातो, कारण बॅटरीतलं पाणी बघायला मी एकदा चक्क काडी ओढली होती. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कोपरगावाकडच्या काळ्या चिखलात पावसाळाभर आमची जीप उभीच असायची, म्हणून बॅटरी उतरू नये यासाठी ती घरात आणून, मागून आणलेल्या चार्जरला सकाळपासून जोडली होती. खोलीत ज्वारीच्या पोत्यांनी खिडकी झाकलेली, आत काही दिसेना. बुचं काढली, वाकलो, काडी ओढली आणि चार्जिंगनं साचलेला गॅस पेटला, धडाड्‌दिशी बॅटरी फुटून सगळं अ‍ॅसिड तोंडावर आलं. डोळे उघडेनात. बायको कळशी घेऊन धावली, “डोळं उघडा आधी!” म्हणत तोंडावर पाणी ओतत राहिली. “मी दिसते का?” “दिसतेस,” मी म्हणालो, तेव्हा कुठं तिनं कळशी खाली ठेवली. माझ्या सदऱ्याची चाळण झाली होती, पण स्फोटापेक्षा तिच्या बोलण्यानंच मी जास्त हादरलो. ती म्हणाली, “अवो, पाणी किती हाय एवढंच बघायचं हुतं ना? मला हाक मारायची. भाताला बघते तसं बोट बुडवून सांगितलं असतं मी!”